शकुंतला : खेळणे की गाडी?

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे शहर नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, जैनांच्या जुन्या भट्टारक पीठांचे गाव म्हणून आणि कापसाची पेठ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. या शहराला रेल्वेचे स्थानक आहे. पण गाडी नाही. मूर्तिजापूरहून कारंजा आणि दारव्हा या मार्गाने यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी, जिला वऱ्हाडची जनता पिढ्यानपिढ्या 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखत आली, ती २०१६ नंतर या मार्गावर धावलेली नाही. मूर्तिजापूरहून दर्यापूर आणि अंजनगाव या बाजूने अचलपूरला जाणारी तिची दुसरी शाखाही पुढे काही वर्षांतच थांबली. एक शाखा ११३ किलोमीटरची, दुसरी ७६ किलोमीटरची. असा जवळजवळ १९० किलोमीटरचा मार्ग आज गवताच्या स्वाधीन झाला आहे.

तिचे पुढे काय करावे याविषयी दोन मते मांडली जातात. पहिले असे की, जुने रूळ काढून तेथे ब्रॉडगेज मार्ग टाकावा. २०१६ साली केंद्र सरकारने या रूपांतराची घोषणा केली आणि त्यासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. दुसरे मत असे की, शंभरी उलटलेली ही गाडी दुर्मिळ वारसा आहे. तिच्या मूळ रूपाला हात न लावता, डबे रंगवून, जमल्यास वाफेचे इंजिन जोडून ती हौशी प्रवाशांसाठी चालवावी, म्हणजे या मागास भागात पर्यटन वाढेल. दोन्ही मतांच्या मागे प्रामाणिक माणसे आहेत. तथापि समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाची 'जुने विरुद्ध नवे' अशी मांडणी मान्य करून चालणार नाही. ही गाडी कोणासाठी आली, ती प्रत्यक्षात कोणी वापरली आणि ती गेल्याने कोणाचे नुकसान झाले, हे आधी विचारले पाहिजे. काय टाकावे आणि काय राखावे, याचा निर्णय त्या उत्तरांतूनच निघेल.

कापसासाठी आलेली गाडी

शकुंतलेचा जन्म जनतेच्या सोयीसाठी झाला नाही. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि येथील काळ्या जमिनीतील कापसावर विलायती गिरणीवाल्यांची नजर स्थिरावली. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंज्याचे नाव आजही घेतले जाते. या व्यवस्थेमागे शेतकऱ्याच्या कल्याणापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा ही चिंता मोठी होती, हे मात्र सांगितले जात नाही.

बाजार भरला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, पण गाठी मुख्य रेल्वेपर्यंत बैलगाड्यांनी न्याव्या लागत. ती अडचण दूर करण्यासाठी किलिक निक्सन या १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंग्रज पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरच्या दोन्ही बाजूंना हे अरुंद रूळ पडले. कारंज्याची गाठ मूर्तिजापुरात उतरायची, हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढायची, मुंबई बंदरात पोचायची आणि तेथून समुद्रापार जायची. मँचेस्टरच्या कारखान्यात १९२१ साली तयार झालेले एक वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर जुंपले गेले आणि एप्रिल १९९४ पर्यंत ते राबले. कापूस मँचेस्टरला, इंजिन मँचेस्टरहून, नफा कंपनीचा आणि घाम वऱ्हाडी मजुराचा, असा हा सरळ हिशेब होता.

म्हणून 'वारसा' हा शब्द वापरताना तो कोणाचा वारसा, हे विचारणे भाग आहे. कंपनीने जे बांधले ते कापूस वाहून नेण्याचे साधन होते. पुढे त्याची लोकांची गाडी झाली ती लोकांनी केली.

मालक बदलला, व्यवहार तोच

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२५ साली सरकारने ताब्यात घेतली. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या भागाची बार्शी लाईट रेल्वे १९५४ साली सरकारने कंपनीकडून विकत घेतली. शकुंतला मात्र मागे राहून गेली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, कामगारांचे पगार द्यायचे सार्वजनिक तिजोरीतून आणि उत्पन्नातील ठरलेला वाटा द्यायचा कंपनीला, अशी ही अजब व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके चालू राहिली. करारानुसार ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याची मुभा सरकारला होती. ती मुभा एका सरकारनंतर दुसऱ्या सरकारने वाया घालविली.

'अजूनही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे' असे चटकदार मथळे वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. ते वाचून संतापणारे देशभक्त एक गोष्ट विसरतात. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन ही पेढी भारतीय भांडवलदारांच्या हाती आली होती. मालकाच्या कातडीचा रंग बदलला, मालकीचा व्यवहार तसाच राहिला. मार्ग आपला नाही म्हणून रेल्वेने त्यावर पैसा घालायचा नाही, आणि गाडी आपण चालवीत नाही म्हणून कंपनीने घालायचा नाही, अशा या दुहेरी अनास्थेत रूळ झिजले, पूल जीर्ण झाले, वेग सायकलस्वाराच्या बरोबरीला आला. शकुंतला म्हातारी झाली म्हणून थांबली असे म्हणणे अर्धसत्य आहे. तिचे पोषण करण्याची जबाबदारी कोणाचीच ठेवली नव्हती, म्हणून ती लवकर म्हातारी झाली.

डब्यात कोण बसत होते

तरीही ती चालत होती तोवर भरून चालत होती. एस.टी.च्या भाड्याच्या मानाने तिचे तिकीट कितीतरी स्वस्त होते. वेचणीला जाणाऱ्या बाया, कारंज्याच्या बाजाराला भाजीचे गाठोडे नेणारा माळी, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेला म्हातारा, माहेरपणाला निघालेली लेक आणि तिची तीन पोरे, हे तिचे प्रवासी. वेळ लागे, पण ज्याच्या खिशात पैसा नाही तो वेळ खर्च करतो. गरिबाचे हेच एक भांडवल असते. चार-दोन माणसांचे रेल्वे कर्मचारी तिकीट देण्यापासून फाटक लावण्यापर्यंत सगळी कामे करीत आणि गाडी पुढे नेत.

ही गाडी थांबली तेव्हा तिच्या प्रवाशांना दुसरे काय मिळाले? याच काळात कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूला पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला, ऑटोरिक्षाला आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीतून तो गेला त्यांची वाहने त्यावर चढू शकत नाहीत. नीती आयोगाने २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातून तीत ज्या चार जिल्ह्यांची नावे आली त्यांत वाशीम एक होता. अशा जिल्ह्यात मोटारवाल्यासाठी भरधाव रस्ता झाला आणि तिकीटवाल्याची गाडी गेली. विकासाच्या या दिशेचे मोजमाप यापेक्षा वेगळ्या आकड्यांनी करण्याची गरज नाही.

खेळण्याची जागा आणि गाडीची जागा

जुनी गाडी हौसेसाठी राखावी असे म्हणणारे माथेरानचे आणि दार्जिलिंगचे उदाहरण देतात. ते तपासून पाहिले पाहिजे. नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुरू केली. डोंगर चढून थंड हवेच्या ठिकाणी जाणारी माणसे हेच तिचे प्रयोजन पहिल्या दिवसापासून होते. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो दुरुस्त करून २००७ साली गाडी पुन्हा सुरू केली, ते योग्यच झाले. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण दार्जिलिंग ते घूम अशा फेऱ्यांतून आज तेथे मुख्यतः पर्यटक बसतात. पहाडातला मजूर जीपने प्रवास करतो.

पुण्याच्या पेशवे पार्कातील 'फुलराणी' १९५६ पासून मुलांना बागेची फेरी घडवीत आली आहे. तीही जुनी झाली आहे आणि तिच्यासारखी गाडी ठेवावी की बदलावी हाही प्रश्न होऊ शकतो. त्याचे उत्तर सोपे आहे. मुलांच्या जिवाला धोका नसेल आणि त्यांना आनंद मिळत असेल तोवर ती दुरुस्त करून चालवावी; धोका दिसला की इंजिन बदलावे. त्यासाठी कोणाचा बाजार बुडत नाही, कोणाची शाळा चुकत नाही. खेळण्याला खेळण्याचा मान असावा. श्रमिकांच्या मुलांनाही बागेतल्या गाडीचा हक्क आहे. पण यवतमाळ आणि वाशीमच्या शेतमजुराच्या येण्याजाण्याच्या गाडीला खेळणे करून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याने शनिवारी खिडकीतून कपाशीचे छायाचित्र घ्यावे आणि कपाशी वेचणारीने रुळाच्या कडेला उभे राहून गाडी पाहावी, हे चित्र ज्यांना सुंदर वाटते त्यांनी ती खिडकी कोणी कोणाकडून घेतली याचा विचार करावा.

बदलाने काय मिळाले

रूपांतराने जनतेला काय मिळते याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. वाशीम शहरातून जाणारा पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेज होता. २००८ साली तो ब्रॉडगेज झाला आणि वाशीम, हिंगोली ही गावे देशाच्या मोठ्या रुळांना जोडली गेली. शेजारच्या मराठवाड्यात मनमाडपासूनच्या मीटरगेज मार्गाचे रुंदीकरण ही सरकारने आपण होऊन दिलेली देणगी नव्हती. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वर्षानुवर्षे लोकांना संघटित करून ती मागणी लावून धरली होती. रूळ रुंद करा ही मागणी त्या पिढीने मागासलेल्या प्रदेशाच्या हक्काची मागणी म्हणून केली.

बार्शी लाईटचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९७ साली सुरू झालेली ती गाडीही अडीच फुटी रुळांचीच. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी आणि लोकांच्या मनात घर केलेली. तीही हौशी माणसांनी जपायला सांगितली असती तर कोणाला नवल वाटले नसते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराच्या नळांना थेंब उरला नव्हता, तेव्हा मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने पाण्याची गाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले आणि लवकरच पन्नास वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. अडीच फुटी रुळांवर हे पाणी इतक्या सहज आले नसते. त्या दिवसांत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या लातूरकर बाईला विचारले असते तर रुळांच्या रुंदीचा प्रश्न तिने एका वाक्यात सोडविला असता.

आक्षेप खरे आहेत

एवढे म्हटल्यावर रूपांतराला होणारे आक्षेप झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप असा की, आधी गाडी बंद करतात आणि मग बांधकामाची वाट पाहायला लावतात. शकुंतलेच्या बाबतीत नेमके तेच घडले. २०१६ साली घोषणा झाली, गाडी गेली आणि ब्रॉडगेज कागदावर राहिला. अकोल्याहून खांडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गाचीही तीच कथा. रूपांतरासाठी तो बंद झाला, मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या भागाचा वाद निघाला आणि सलग मार्ग वर्षानुवर्षे तुटलेला राहिला. अचलपूर भागातील लोकांनी 'आधी गाडी चालवा' म्हणून सत्याग्रह केला, त्यामागे हा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. मोठे रूळ आले की मोठ्या गाड्या येतात आणि मोठ्या गाड्या लहान गावांना थांबत नाहीत. थांबल्या तरी भाडे परवडत नाही. कोविडच्या साथीनंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले; ते पुन्हा खाली येण्यास २०२४ साल उजाडावे लागले. गरिबाच्या गाडीचे नाव बदलून तिचे तिकीट तिप्पट करता येते, हे या काळाने दाखवून दिले. तेव्हा केवळ रूळ रुंद झाल्याने गरिबाची वाट रुंद होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

येथे मधू दंडवते यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला लावला. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. फोमची गोष्ट लहान होती, पण तिच्यामागचा विचार लहान नव्हता. देशाची बहुसंख्य जनता ज्या डब्यात बसते त्या डब्यापासून रेल्वेच्या सुधारणेला आरंभ व्हावा, असा तो विचार होता. शकुंतलेच्या प्रश्नाला हीच कसोटी लावली तर उत्तर स्पष्ट होते. रूळ बदलावेत, गाडी बदलावी, वेग वाढावा. आणि ज्याच्यासाठी ती चालते तो प्रवासी बदलू नये.

मागणी काय असावी

म्हणून कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूर आणि अचलपूर या भागांतील कार्यकर्त्यांनी ब्रॉडगेजची मागणी निःसंदिग्धपणे केली पाहिजे, परंतु ती अटींसह केली पाहिजे. पहिली अट मालकीची. जुन्या कंपनीचा या मार्गावरील प्रत्येक हक्क संपुष्टात आलाच पाहिजे आणि रुळांखालील व स्थानकांभोवतीची इंच न इंच जमीन सार्वजनिक राहिली पाहिजे. शंभर वर्षे ज्यांनी या मार्गातून नफा काढला त्यांना आता नुकसानभरपाईच्या नावाखाली दुसरी लूट करू देता कामा नये, आणि गवताखाली गेलेल्या जमिनीवर नजर ठेवून बसलेल्यांनाही नाही.

दुसरी अट कालबद्धतेची. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. हा मार्ग पुढे यवतमाळ आणि दारव्हा यांवरूनच जातो. म्हणजे दारव्ह्यापासून मूर्तिजापूरपर्यंत जोड दिली की कारंजा एका बाजूला मुंबई-नागपूर मार्गाला आणि दुसऱ्या बाजूला नांदेडला जोडले जाते. कापसाची जागा सोयाबीनने घेतलेल्या या तालुक्यातील माल मूर्तिजापुरात उतरवून पुन्हा चढविण्याची गरज राहणार नाही. हा युक्तिवाद नकाशा पुढे ठेवून गावोगाव सांगता येतो.

तिसरी अट प्रवाशाची. जुन्या मार्गावरील प्रत्येक थांबा नव्या मार्गावर राहावा, दिवसातून निदान दोन वेळा साध्या भाड्याची पॅसेंजर गाडी धावावी आणि तिचे वेळापत्रक बाजार, शाळा व दवाखाना यांच्या वेळांना जुळावे. थांब्याच्या गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव करावेत. शकुंतलेचे जे जपण्याजोगे आहे ते येथे आहे: सर्वांत गरीब माणसाला हात दाखवून चढता येईल अशी गाडी.

राहता राहिला आठवणीचा प्रश्न. सातपुड्याच्या नॅरोगेज मार्गांचे रूपांतर झाले, तरी त्यांची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबागेतील संग्रहालयात २००२ सालापासून लोकांना पाहायला मिळतात. गोंदियाच्या माणसाला मोठी गाडी मिळाली आणि त्याच्या नातवाला जुने इंजिनही पाहायला मिळाले. कारंज्याच्या स्थानकात शकुंतलेसाठी अशी जागा करणे कठीण नाही. एक इंजिन, दोन डबे आणि शंभर वावांचा रूळ पुरे. शाळेतील मुलांनी तेथे बसावे, आनंद लुटावा. मात्र तेथे लावायच्या फलकावर कंपनीच्या संचालकांपेक्षा रूळ टाकणाऱ्या मजुरांची, उन्हातान्हात खडी सारणाऱ्या गँगमनची आणि गाठी वाहून पाठी वाकलेल्या मूर्तिजापूरच्या हमालांची हकिकत आधी असावी.

त्या फलकाची घाई नाही. घाई आहे ती गाडीची. कारंज्याच्या बाजाराला निघालेल्या माणसाला आज जो जादा पैसा मोजावा लागतो तो रोज त्याच्या मजुरीतून जातो, आणि जुन्याच्या सौंदर्यावर वाद घालणाऱ्यांपैकी कोणीही तो भरून देणार नाही.